दुसऱ्यांदा बघितलेलं आभाळ

थोरल्या सुनेचा नवरा जहाजावर खलाशी होता. पहाऱ्यावर असताना पाण्यात पडला, दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत सापडलं. बातमी घरात सगळ्यांना कळली, एका त्याच्या आईला सोडून. म्हातारीचं काळीज आधीच अधू. डॉक्टर म्हणाले होते, धक्का सोसवायचा नाही. धाकट्या दिराने तेवढं एक वाक्य घट्ट धरून ठेवलं.

"वहिनी, दादा तसाही वर्ष वर्ष घरी नसायचा. समजायचं, अजून आला नाही."

एवढ्यावर थांबला असता तर गोष्ट वेगळी. पण दर रविवारी तो कोपऱ्यावर जाऊन दादाचा आवाज काढून आईला फोन करायला लागला. दोघा भावांचा आवाज एकाच साच्यातला, त्यात म्हातारीला ऐकू बेताचं.

"काय रे, जेवलास का?"

"जेवलो, आई."

"काय जेवलास?"

इथे त्याची पंचाईत व्हायची. "मासे. समुद्रावर दुसरं काय मिळणार?"

"बघा! घरी माशाच्या वासानं पळायचा मेला!" म्हातारी सुनेकडे बघून हसायची. सूनही हसायची.

सून शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. दिवस हाताला सुई लावून निघून जायचा. भीती होती ती झोपेची. डोळा लागला की एकच स्वप्न: गच्ची, वाळलेले कपडे, खुर्चीत सासूबाई, आणि ही त्यांना सगळं सांगून टाकते. मग सासूबाई तिला पोटाशी धरतात, दोघी मनसोक्त रडतात. जाग आली की उशी ओली. खरंच बोलून तर नाही ना गेलो आपण? मग दिवसभर सासूबाईंचा चेहरा न्याहाळत राहायचं.

"काय गं, माझ्या तोंडावर सिनेमा लागलाय का?" सासूबाई विचारायच्या.

शेवटी तिला नवऱ्याचंच बोलणं आठवलं. पहाऱ्यावर उभ्या उभ्या डोळा लागतो, आणि गंमत अशी की स्वप्नातही माणूस पहाराच करत असतो. म्हणून त्यांच्या जहाजावर जुने खलाशी नव्याला सांगायचे: आभाळ बघ, मान खाली घाल, परत बघ. खरे तारे तेवढ्यात जागचे हलत नाहीत. स्वप्नातलं आभाळ मात्र दुसऱ्यांदा तसंच जमत नाही.

तिने करून बघितलं. गच्चीवरच्या टाकीच्या वर तीन तारे एका ओळीत असायचे. स्वप्नात पुन्हा वर बघितलं, तर तिथे बटणांचा डबा लवंडल्यासारखे तारेच तारे. हे कळल्यापासून तिचा जीव थोडा भांड्यात पडला. तारे विस्कटले की बोलायचं, जागेवर राहिले की जीभ आवरायची. रोज सकाळी देवापुढे हात जोडून ती एवढंच मागायची, आजचा दिवस माझी जीभ धर रे बाबा. जन्मभर पुरेल असं काही मागायचा धीर तिला होत नव्हता.

त्या आठवड्यात दुकानात शाळेच्या गणवेशांची घाई होती. ढिगाने सदरे आणि घरी आल्यावर पुन्हा झोपेचा वनवास. संध्याकाळी अंधारून येताना ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. सासूबाई हवेला म्हणून आधीच खुर्चीत बसल्या होत्या.

सवयीने तिने वर बघितलं. टाकीवर तीन तारे, आणि ओळीच्या टोकाला चौथा. चौथा कधी नव्हता. तिने मान खाली घालून चादरीची घडी घातली, परत बघितलं. चौथा निघून पार दुसऱ्या बाजूला, खाली गेला होता.

हुश्श. आभाळ हललं.

ती सासूबाईंच्या पायाशी बसली. आता कसली घाई नव्हती.

"आई, तुमचा मुलगा गेला हो. पाण्यात पडला. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही."

आणि पोटाशी धरतील म्हणून तिने डोकं पुढे केलं.

हात आलाच नाही.

"कधी?" सासूबाईंनी विचारलं.

स्वप्नात त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं. सुनेने दचकून वर बघितलं. चौथा तारा सरकत होता, संथ, आणि त्याच्यामागे एक लांबलचक काळा हात. मागच्या रस्त्यावर नव्या इमारतीचं काम सुरू झालं होतं. क्रेन वळत होती, तिच्या टोकाला दिवा. खालून कुणीतरी ओरडलं, "बस, बस, थांबव!" तीन तारे आपल्या जागी होते.

"आई, मी... मला वाटलं..."

"कधी, ते विचारलं मी."

"मागच्या वर्षी. थंडी सुरू व्हायच्या आधी."

सासूबाईंचा हात छातीवर गेला. सून उठू लागली, "गोळी आणते, आई, हलू नका."

"बस खाली." आवाज बारीक होता, पण ती बसली. सासूबाई बराच वेळ नुसता श्वास घेत राहिल्या, जिना चढून आल्यासारख्या. "मग रविवारी माझ्याशी कोण बोलतं?"

"भाऊजी," सून म्हणाली. त्यांना समजायला तेवढं पुरलं.

"दोन लेकरं होती मला," त्या म्हणाल्या. "एक गेलं, आणि दुसऱ्यानं मला खुळ्यात काढलं. आणि तू शेजारी बसून हसत होतीस."

"हो, आई."

तिने त्यांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी तो बाजूला केला, रागाने नव्हे, अंगावर पडलेला कपडा बाजूला करावा तसा.

"पाणी गार होतं का?"

सुनेच्या ओठांवर आलं होतं, नाही हो, त्याला काही कळलंसुद्धा नाही. इतके दिवस अशीच वाक्यं तयार असायची, शिवून घडी घालून ठेवल्यासारखी. तिने ते गिळलं.

"माहीत नाही, आई."

म्हातारीने मान हलवली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही.

"मग नाही माहीत, असंच म्हण. आणि जे माहीत आहे ते सांग. पहिल्यापासून. खोटं आलं तर मी उठून जाईन."

सुनेने चादर बाजूला ठेवली आणि सांगायला लागली.