सारवलेली हद्द

उंद्रीच्या अलीकडे आमचं गाव. गावठाणाच्या मोजणीला ड्रोन येणार अशी दवंडी झाली आणि हिंमतराव-पुंजाजी या सख्ख्या भावांना उभ्या जन्मात पहिल्यांदा आपलं अंगण मोजावंसं वाटलं. घरं समोरासमोर, मधे एकच अंगण. माझं घर शेजारीच, त्यामुळे सगळं ओट्यावरून दिसलं. न दिसतं तरी ऐकू आलंच असतं.

मोजणीवाले साहेब सांगून गेले होते, "उद्या दहाला ड्रोन उडेल. आज चुन्यानं हद्द आखून ठेवा. रेघ दिसेल तशी नकाशात धरू. अंगणात रेघ नसली, तर ते दोघांच्या नावानं सामाईक लिहू."

झालं. हिंमतरावांना रेघ अंगणातल्या लिंबाच्या पलीकडून पाहिजे.

"पलीकडून काऊन?" पुंजाजी म्हणाला. "लिंब तुह्या एकट्याचा हाये का दादा?"

दीड हात जागेपायी दुपार गेली. शेवटी सुतळी धरून बरोबर मधोमध रेघ ओढली, चुन्याची गोणी झटकून रिकामी केली.

"नकाशा आला का भिंत घालू," पुंजाजी म्हणाला. हिंमतरावांनी लगेच मान डोलावली. दिवसभरात दोघांचं एवढ्यावरच पटलं.

सोजराबाईचा, म्हणजे हिंमतरावांच्या बायकोचा, जीव मात्र खाली-वर झाला. तिच्या लेकीचं, प्रतीक्षाचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं.

"अर्ध्या अंगणात मांडव कसा मावंन वं मंजुळा?" तिनं जावेला विचारलं.

मंजुळाबाईनं ही पोर कडेवर वागवलेली. तिलाही भरून आलं. "भाऊजीले सांगून पाह्यलं का बाई?"

"पाह्यलं ना. म्हन्ते, हा मानसाइचा कारभार हाये, बायाइचा नाही."

"बरं," मंजुळाबाई म्हणाली. "मंग आपून आपला कारभार पाहू."

अंगण सारवायला त्या घरात पाळी असे, एक आठवडा या जावेचा, एक त्या जावेचा. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला दोघी एकदमच बसल्या, आपापल्या दारातून. शेणाचा काला चांगला दाट होता. सारवत सारवत मधे आल्या, तिथं मात्र दोनदा हात फिरवला.

ऊन वर आलं तेव्हा भाऊ बाहेर आले.

"रेघ कुठी गेली वं?" हिंमतरावांनी विचारलं.

"मले का ठाऊक? पाळी मंजुळाची होती."

"नाही वं बाई, तुमची होती."

पुंजाजी गोणी घेऊन दुकानाकडे पळाला आणि तशीच घेऊन परत आला. अख्ख्या गावानं रेघा ओढलेल्या, दुकानात चिमूटभर चुना नव्हता. डोक्यावर ड्रोन भुणभुणत होता. रिकामी गोणी हातात धरून तो वर बघत राहिला. मला हसू आवरेना, मी आत गेलो.

महिन्याभरानं नकाशा ग्रामपंचायतीत लागला. अंगणाचा एकच तुकडा, त्यावर दोघांची नावं आणि खाली सामाईक. पारावर दोघंही सांगत सुटले, 'मी तर पयलेच म्हनत होतो.' मी दोघांनाही हो म्हटलं. शेजार टिकवायचा असतो.

मांडवाच्या दिवशी हिंमतराव तीच सुतळी घेऊन मधला खांब कुठे रोवायचा ते मोजत होते. दुसरं टोक पुंजाजीकडे होतं. खांब बरोबर जुन्या रेघेवर येत होता.

"दादा," पुंजाजी म्हणाला, "दीड हात माह्या दाराकडं घे. पोरीचा मांडव मोठा होऊ दे."