उकंडाचा कापलेला सीन

आपल्या गावात शूटिंग झालेला पिच्चर परदेशात बक्षिसाच्या यादीत लागला, ही बातमी पेपरात आली त्या दिवसापासून नलूबाईनं नवऱ्याला उन्हात पाठवणं बंद केलं. नटाचा रंग उतरेल, असं ती चारचौघांत म्हणायची. खरं कारण उकंडाचे डोळे होते. पांढरकवड्याच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेलीही वर्षभराची पाहुणी. उकंडाला आता नळीतून पाहावं तेवढंच दिसायचं. माणसाचा चेहरा दिसला तर हात दिसत नसे, हात दिसला तर चेहरा हरवायचा. डॉक्टरचं सगळं ऐकून घेऊन बाहेर आल्यावर त्यानं एवढंच विचारलं होतं, "पिच्चर कधी येते मंग?"

शूटिंग झालं त्या वर्षांत कापसाचे भाव असे बसले होते की गावात एसटीपेक्षा पाहुण्यांच्याच गाड्या जास्त यायच्या. पेपरवाले, साहेब लोक, कोणकोण. त्यांच्यामागून पिच्चरवाले आले आणि केळापूरच्या बाजूला वीस दिवस राहिले. त्यांना रडणाऱ्या बाया पाहिजे होत्या. नलूबाईनं साफ सांगितलं की ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याच्या घरी जाऊन मी रडते, कॅमेऱ्यापुढं रडायला माझे डोळे भाड्यानं नाहीत. पण उकंडाचा चेहरा त्यांना आवडला. भावाची वाट पाहत घरोघर कापूस साठला होता, नलूबाईच्या पुढच्या खोलीतही छपराला टेकेल एवढा ढीग होता. त्या ढिगावर बसून उकंडानं एकच वाक्य म्हणायचं होतं: यंदा घरभर कापूस, अन् बसाले जागा नाही. आठ दिवस त्यानं ते पाठ केलं. बैलांना म्हणून दाखवलं. जन्मात चारचौघांत न बोललेला माणूस, त्याला कोणीतरी बोल म्हटलं होतं.

पिच्चर काही इकडच्या टॉकीजला लागला नाही. बसस्टँडवरच्या गाड्यावर डुप्लिकेट सीडी आली तेव्हा नलूबाईनं आपल्या अंगणात अख्खी आळी जमवली, सगळ्यांना चहा पाजला. दोन तास पिच्चर चालला. ढीग आला. नलूबाईचाच ढीग, मागची निळी भिंतही तिचीच. कॅमेरा ढिगावरून खिडकीकडे गेला आणि बाहेरच्या झाडावर जाऊन थांबला. उकंडा नव्हताच.

शेजारची रुपीबाई, तांड्यावरून या आळीत राहायला आलेली, जिभेला नलूबाईच्याच धारेची. ती म्हणाली, "उकंडादादा कापसात दबून गेले का जी?" अंगण हसलं. उकंडाही हसला. नलूबाई नाही हसली. त्या दिवसापासून चार महिने तिनं रुपीबाईच्या दारात पाय ठेवला नाही, आणि पिच्चरवाल्यांच्या सात पिढ्यांना तिनं भाकरी थापता थापता इतकं काही म्हटलं की तव्यालाही ऐकवेना.

उन्हाळ्याच्या सुटीत नात उर्वशी यवतमाळहून आली. नर्सिंगला होती. येताना तिनं पिच्चरची असली डीव्हीडी आणली. वर चकचकीत कागद, त्यावर गव्हाच्या ओंब्या वाकवल्यासारखी दोन पानं, आणि मधे बक्षिसाच्या यादीत लागल्याचं छापलेलं. उर्वशीनं मागचा मजकूर वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती, की पिच्चरमध्ये न घेतलेले प्रसंगही या सीडीत आहेत.

"म्हंजे कापलेलं फेकत नाही ते लोक?" नलूबाईनं विचारलं.

उर्वशी म्हणाली, सांभाळून ठेवतात. नलूबाईनं मान डोलावली. तीही जुन्या लुगड्याचा तुकडा कधी फेकत नसे, गोधडीला लावायची. पिच्चरवाल्यांबद्दल तिचं मत तिथंच थोडं बरं झालं.

पण घरच्या सीडी प्लेअरनं ती डीव्हीडी घेतलीच नाही. आत घालावी, बाहेर यावी. डीव्हीडीची मशीन आळीत एकच, रुपीबाईकडे. तिचा प्रेमसिंग फौजेत होता, त्यानं आणून दिलेली. नलूबाई म्हणाली, राहू दे, यवतमाळला जाऊन पाहू. मग तिनं आत पाहिलं. उकंडानं पेटीतला पांढरा सदरा काढून अंगात घातला होता आणि बोटांनी चाचपडत एकेक गुंडी काजात घालत होता. वरची गुंडी खालच्या काजात गेली, ती त्यानं काढली, पुन्हा लावली. नलूबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि रुपीबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तुया मशीनवर आमची सीडी लावतं का?"

रुपीबाईनं वर पाहिलं. तिच्या जिभेवर काय काय आलं असेल ते तिलाच माहीत. तिनं फक्त सतरंजी झटकली आणि म्हणाली की दोन वाजता लाइन येते, तोवर चहा होतो.

दोन वाजेपर्यंत अंगणात जमले होते तेवढे सगळे इथंही जमले. उर्वशीनं रिमोटनं शोधून शोधून तो प्रसंग काढला. उकंडा मान फिरवत टीव्ही हुडकू लागला. नलूबाईनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून सरळ केलं.

ढिगावर उकंडा बसला होता. धुतलेलं धोतर, पागोटं, पायात चपला. चांगला दिसत होता, लग्नात दिसला होता त्याहून बरा. त्यानं तोंड उघडलं. "यंदा घरभर..." आणि डाव्या बाजूनं हातात झाडू घेऊन नलूबाई आली.

कापसावर चप्पल म्हणजे नलूबाईच्या घरात बसतच नाही. मातीचा एक कण लागला तरी व्यापारी माल खालच्या भावात लावतो, म्हणून राजाही आला तरी त्यानं चप्पल उंबऱ्याबाहेर काढावी. टीव्हीतल्या नलूबाईनं नवऱ्याची एक चप्पल ओढली, दुसरी ओढली, दोन्ही एकमेकींवर आपटल्या, कॅमेऱ्याकडे डोळे वटारले आणि निघून गेली. कोणीतरी ओरडलं. पिच्चरवाल्यांनी पुन्हा चपला घालायला लावल्या. पुन्हा "यंदा घरभर", पुन्हा नलूबाई. तिसऱ्या खेपेला ती आलीच नाही, फक्त कोपऱ्यात तिचा पदर आणि उगारलेला झाडू दिसत राहिला, आणि उकंडा त्या झाडूकडे पाहून वाक्य विसरून हसत सुटला. मग पडदा काळा झाला.

शूटिंगच्या दिवशी नलूबाईला वाटलं होतं, ते अजून तयारीच करून राहिले आहेत. पिच्चरवाल्यांना मी कापसाची रीत शिकवली, असं तिनं तीन वर्षं गावभर सांगितलं होतं.

रुपीबाईला याहून सोन्यासारखी संधी मिळणार नव्हती, आणि ती चहाच्या कपात पाहत बसली. शेवटी नलूबाईच बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"म्हंजे मीच कापलं यायले."

मग नवऱ्याकडे वळून, "तुमाले ठाव होतं?"

"व्हय. त्याच दिवशी सांगतलं त्यायनं, सीन जमला नाही म्हून. ऊन गेलं होतं, अन् दुसऱ्या दिवशी आपला कापूस विकल्या गेला."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगून काय करतो? तू सोताचाच जीव खाल्ला असता."

नलूबाईनं हळूच विचारलं, "तुमी दिसले का पन तुमाले?"

"इतकूशी तं जागा दिसते मले," उकंडा म्हणाला. "तू आली तं तुयाकडंच पाहत राह्यलो. मी राहून गेलो पाहाचा."

रुपीबाईनं कप खाली ठेवला. "पोरी, पुन्यांदा लाव," ती उर्वशीला म्हणाली. "लाइन हाये चार वाजेलोक."

नलूबाईनं उकंडाचं डोकं पुन्हा दोन्ही हातांत धरलं आणि टीव्हीतल्या ढिगाकडे नेमकं वळवलं, त्याचा तो त्याला दिसेल असं. "आता तरी सोताले पाहा," ती पुटपुटली. टीव्हीत "यंदा घरभर" सुरू झालं, आणि तिच्या हातांतलं डोकं हळूहळू डावीकडे वळू लागलं. तिनं ते वळू दिलं.