दहा नंबरचा पाना

हुडको कॉलनीच्या त्या गल्लीत गाडीचं बॉनेट उघडणारी पहिली पोरगी म्हणजे खुशबू, आणि ही बातमी गल्लीभर तिनंच केली. अकरावीत होती, कशाला भीत म्हणून नव्हती. बाबांची लाल मारुती तीन आठवडे दारात मेलेली उभी होती. चावी फिरवली की नुसतं टिक्‌ टिक्‌. मिस्त्रीला बोलवायचा विषय काढला की आई, पंचफुला, म्हणायची, पाहू पुढच्या महिन्यात.

बाबा, प्रेमानंद, पोलादाच्या प्लांटमधून मागच्या वर्षी रिटायर झाले. तीस वर्षं त्यांनी क्रेन चालवली. खाली उभ्या माणसाच्या बोटाचा इशारा वरून टिपायचा आणि वितळलेल्या लोखंडाचं भांडं असं ठेवायचं की थेंब सांडू नये. रिटायर झाल्यावर हातात उरली ती ही गाडी. ती बंद पडली तसे तेही बंद पडले. रविवारचं विहारात जाणं सुटलं. व्हरांड्यात बसून चावी या हातातून त्या हातात करत राहायचे. खुशबूला ते पाहवेना.

तिनं फोनवर बॅटरी बदलण्याचे चार व्हिडिओ पाहिले आणि बाबांच्या डब्यातून दहा नंबरचा पाना काढला. सुरुवातच चुकली. बॅटरीच्या प्लसचा नट आधी धरला, पान्याचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला टेकलं आणि चर्रकन ठिणगी उडाली. पाना अंगणात, खुशबू कुंपणाजवळच्या नळापाशी. मग धडा पाठ झाला: काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. तारांच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती, ती तिनं गरम पाण्यानं धुतली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई बघत होती. एकदाच बोलली, "कावून करून राहिली व? राहू दे ना." पोरीला करंट लागेल म्हणून भीत असेल, असं खुशबूला वाटलं.

मैत्रीण रेणूच्या स्कूटीवर पायांमध्ये जुनी बॅटरी ठेवून दोघी कॅम्प-१च्या बाजारात गेल्या. दुकानदारानं मीटर लावला आणि विचारलं, गाडीतला लाइट रोज चालू राहतो का? पार पिळून निघाली आहे, आता नाही उठायची. खुशबू म्हणाली, आमच्याकडे असं कोण करणार. जुनी देऊन नवी घेतली.

नवी बसवली. प्लस, मग मायनस. पाना कचकचून आवळला. बाबांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच दमात सुरू झाली. बाबांचा चेहरा तिनं कित्येक महिन्यांत असा पाहिला नव्हता. समोरच्या चिंधूकाकांना बोलावून त्यांनी सांगितलं, "पोराले काय कराचं बावा? माह्यी पोरगी मिस्त्री हाये मिस्त्री." खुशबूचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. बाबा म्हणाले, चल, सेक्टर दहाला समोसे खाऊ.

वळणावर डावीकडून एक सायकलवाला येत होता. बाबांनी वेग कमी केलाच नाही.

"बाबा, सायकल!"

"कुठं?"

तोवर तो उडी टाकून बाजूला झाला होता. सायकल आडवी झाली, टिफिनमधला भात रस्त्यावर सांडला. त्याला लागलं नाही. तो ओरडला, "दिखता नहीं क्या?" बाबांनी ऐकून घेतलं आणि गाडी घराकडे वळवली. समोसे राहिले. घरी आल्यावर आईला म्हणाले, रस्ता मोकळाच होता, पोरगी उगाच भ्याली.

बाबा झोपल्यावर दुपारी आईनं लुगड्यांच्या घडीतून डोळ्यांच्या दवाखान्याचा एक कागद काढला. दोन महिन्यांपूर्वीचा. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत. बाजूचं दिसणं गेलेलं, परत न येणारं. बाबांनी तो लपवला होता, तो आईला सापडला होता.

"गाडीतला लाइट मीच चालू ठेवत होती," आई म्हणाली. "रोज."

"मले सांगितलं कावून नाही?"

"तुह्या पोटात काही राह्यते? अन् त्याहिले कोणत्या तोंडानं सांगू? माणूस बिघडला म्हणण्यापरस गाडी बिघडली म्हणलेलं बरं."

खुशबूला रडू आलं नाही. राग आला. आईचा, बाबांचा, सगळ्यात जास्त त्या पान्याचा.

रविवारी सकाळी बाबा पांढरा शर्ट घालून विहारात निघाले. आंघोळीला गेले होते तेव्हा खुशबूनं मायनसचा नट सैल करून ठेवला होता. आधी मायनस. तार दिसायला जागच्या जागी, पण धरलेली नाही. बाबांनी चावी फिरवली. या वेळी टिक्‌सुद्धा नाही. बॉनेट उघडून ते वाकले, त्या तारेकडे सरळ बघत राहिले. मग हाक मारली, "खुशबू, पाय बरं तुह्यी बॅटरी."

चिंधूकाका कुंपणाशी येऊन उभे होते.

"मले नाही जमत जी बाबा," ती म्हणाली. "त्या दिवशी तुक्का लागला होता."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग चिंधूकाकांकडे वळून हसले. "मी गल्लीभर सांगून बसलो ना. जाऊ द्या. शेवटी पोरगीच ते."

तिनं मान हलवली. ओढणीखाली, मुठीत, पाना घामानं ओला झाला होता.