पलीकडचं फाटक

रंजना सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालायची. तिची चाळ आणि मिल यांच्या मधोमध केंद्र सरकारच्या साठवण खात्याचं आवार पसरलेलं होतं. आत धान्याची गोदामं, मालगाडीसाठी खात्याचे स्वतःचे रूळ आणि भोवती उंच भिंत. भिंतीला वळसा घालून जायचं तर मिलचा भोंगा चुकायचा. म्हणून सगळी चाळ भिंतीच्या पडक्या भागातून आत शिरायची आणि उभ्या डब्यांखालून वाकून पलीकडं निघायची. असंच एकदा रंजनाचा दीर उखा डब्याखाली असताना डबा हलला, आणि त्याचा उजवा पाय गेला.

मग मोर्चा निघाला, पेपरात आलं, आणि खात्यानं रुळांवरून लोखंडी पूल बांधला. दोन्ही बाजूंनी जिने, सगळं भक्कम. पण मिलकडचा जिना जिथं उतरायचा तिथं खात्याचं फाटक होतं आणि फाटकाला भलंमोठं कुलूप. रंजना खात्याच्या इंजिनियरकडे गेली. तो म्हणाला, "आम्ही पूल बांधला. फाटक गोदामवाल्यांचं." गोदामाचे साहेब म्हणाले, "माणसांची ये-जा झाली तर पोती चोरीला जातील. आणि किल्ली आमच्याकडे नाही, पहारेकऱ्यांकडे आहे." पहाऱ्याचा मुकादम म्हणाला, "बडोद्याच्या मोठ्या कचेरीतून हुकूम आणा." पूल तसाच राहिला. त्यावर कबुतरं बसायची आणि माणसं पुन्हा डब्यांखालून जायची.

वर्ष गेलं. एका रविवारी मराठी शाळेतल्या सुधाताई पेपर घेऊनच चाळीत आल्या.

"रंजना, तुमचा पूल सुरू झाला म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"मंत्र्यांनी. लोकसभेत प्रश्न आला होता. पूल जनतेसाठी खुला आहे, असं उत्तर दिलंय."

रंजनाला आधी हसू आलं. मग उखाच्या कुबडीकडे नजर गेली आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"एवढा मोठा माणूस, सगळ्यांसमोर खोटं बोलला?"

"तो कशाला बोलेल? त्याला खालून जे कळलं ते त्यानं सांगितलं. दिल्लीनं बडोद्याला विचारलं, बडोद्यानं सुरतेला. इथल्या इंजिनियरनं कळवलं, पूल बांधून झाला. वर पोचेपर्यंत बांधून झालेला पूल खुलासुद्धा झाला."

"म्हणजे कुणाचीच चूक नाही. आणि आम्ही मात्र डब्याखाली."

"तसं नाही," सुधाताई म्हणाल्या. "चुकीचं उत्तर दिलेलं संसदेला खपत नाही. तिथं खासदारांची एक समिती असते. कुणीही तिच्याकडे दाद मागू शकतं."

"आमच्यासारखंही?"

"कुणीही म्हणजे कुणीही."

अर्ज सुधाताईंनी लिहिला, सांगितला रंजनानं. चाळीतल्या बायांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. अर्ज दिल्लीला गेल्याचं कळताच इंजिनियर स्वतः चाळीत आला. एरवी खुर्चीतून न उठणारा माणूस ओट्यावर टेकून बोलायला लागला.

"ताई, इथल्या इथं मिटवलं असतं. दिल्लीपर्यंत कशाला गेलात? आता साहेब चिडले तर फाटक कायमचं बंद होईल."

"आता काय उघडं आहे का?" रंजनानं विचारलं. त्याला चहा मात्र तिनं दिला.

हिवाळ्यात समिती खरंच सुरतेला आली. आदल्या दिवशी पुलाला हिरवा रंग लागला, चाळीकडच्या जिन्याला झेंडूच्या माळा बांधल्या गेल्या. गाड्या तिथंच थांबवल्या. बडोद्याचे मोठे साहेब पुलाकडे हात करून समितीच्या अध्यक्षबाईंना हिंदीत सांगत होते, "मॅडम, हा तो पूल. जनतेसाठी खुला. उन्हं चढली आहेत, गेस्ट हाउसवर जेवण तयार आहे."

बाया दोरीच्या मागं उभ्या होत्या. रंजनाशेजारी कुबडीवर टेकलेला उखा हळूच अहिराणीत म्हणाला, "वयनी, तूच बोल. तुनी जीभ धारदार शे."

रंजना दोरीखालून पुढं झाली. एका शिपायानं हात आडवा घातला, पण अध्यक्षबाईंनी मान हलवली तसा त्यानं तो मागं घेतला.

"मॅडम," रंजना आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "पूल खालून बघायचा नसतो. वर चढा, आणि पलीकडं उतरून दाखवा."

साठी उलटलेल्या अध्यक्षबाईंनी एकदा जिन्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि चढायला लागल्या. मागोमाग रंजना, खासदार, साहेब, इंजिनियर अशी रांग निघाली. पलीकडच्या शेवटच्या पायरीवर सगळे थबकले. फाटकाला रंग लागला होता. कुलूपही रंगवलेलं होतं.

"किल्ली?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

साहेबांनी इंजिनियरकडे पाहिलं, इंजिनियरनं गोदामाच्या साहेबांकडे, त्यांनी मुकादमाकडे. मुकादम बोलून गेला, "बडोद्याहून हुकूम आला तर..." आणि बडोद्याचे साहेब आपल्यासमोरच उभे आहेत हे ध्यानात येऊन गप्प झाला. मागं जिन्यावर दाटलेल्या बायांमध्ये खसखस पिकली.

अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. त्या पायरीवर बसल्या. "मंत्र्यांनी सभागृहाला सांगितलं, पूल खुला आहे. मी इथूनच बाहेर पडणार. जेवण थांबेल." मग त्यांनी लघुलेखकाला बोलावलं आणि रंजनाला जवळ बसवून घेतलं. "आता सांग. तुझं म्हणणं साक्ष म्हणून लिहून घेतलं जाईल."

रंजनानं सांगितलं. डब्यांखालची वाट, उखाचा पाय, या दारातून त्या दारात घातलेल्या खेपा. ज्यांच्या दाराशी ती ताटकळली होती ते सगळे उभे होते, ती बसून बोलत होती, आणि तिचा शब्दन् शब्द कागदावर उतरत होता.

अखेर बडोद्याचे साहेब घाम पुसत म्हणाले, "तोडा ते." घण आला. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. अध्यक्षबाई उठल्या, पण फाटकातून गेल्या नाहीत. बाजूला सरून त्यांनी वर पाहिलं. एकेक पायरी कुबडीनं चाचपत उखा उतरत होता. मंत्र्यांच्या खात्याचे सगळे साहेब भिंतीला चिकटले आणि त्याला वाट दिली. सगळ्यांत आधी तो बाहेर पडला.

पुढच्या अधिवेशनात मंत्र्यांनी उभं राहून आधीचं उत्तर चुकीचं होतं हे कबूल केलं आणि खेद व्यक्त केला. फाटक कायमचं काढून टाकण्याचा हुकूम निघाला. सुधाताईंनी ती बातमी पुलावरच वाचून दाखवली. पाळी सुटली होती, लोखंडावर पावलं दणदणत होती. दोघींना धक्के देत माणसं पुढं चालली होती.

रंजना कठड्याला टेकून ऐकत होती. "चांगलं झालं," ती म्हणाली. "आता लिहायला घ्या, ताई. ह्या पुलावर दिवे नाहीत."