मनोऱ्याखालचं बाकडं

मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्याच्या वर उमटला होता. आजीने त्याच्याखाली अंगठ्याने दाबून पाहिलं. बारीकसा खळगा पडला आणि तसाच राहिला. मग कडा सावकाश वर येऊन तो भरू लागला, तोवर तिकिटाची रांग बरीच पुढे सरकली होती. सकाळी असा खळगा पडला नव्हता. नर्सच्या नोकरीत तिने वॉर्डभर दुसऱ्यांचे पाय असेच दाबून पाहिले होते, त्यामुळे तिला घाबरण्यासारखं काही वाटलं नाही. फार वेळ उभं राहिलं की पायात पाणी उतरतं, पाय वर घेऊन बसलं की ओसरतं. पण पाय वर घ्यायला मांडी मोकळी हवी, आणि मांडीवर भोपळा झोपला होता.

भोपळा म्हणजे धाकटा नातू. झोपला की त्याचं वजन वाढतं, असं आजोबांचं ठाम मत होतं.

सहल आजी-आजोबांसाठी होती. मुलानेच तसं जाहीर केलं होतं, "दोघांना जरा विश्रांती." काल बाकीच्यांनी तळं पाहिलं. आजीने तळ्याकाठचा कट्टा पाहिला, कारण भोपळ्याला होडीत घालायचं नव्हतं. आज सकाळी संग्रहालय झालं. आत पिशव्या न्यायला बंदी होती, म्हणून पिशव्यांपाशी कोणीतरी थांबायला हवं होतं. कोणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज कोणाला पडली नाही. आणि आता हा मनोरा. याच्या गच्चीवरून म्हणे सगळं शहर दिसायचं. दाराशी पाटी होती : लिफ्ट चालू आहे. ती वाचून आजीने पर्समधून लांबचा चष्मा काढून ठेवला होता.

आजी-आजोबांचं आपलं घर दुसऱ्या गावी होतं. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, कुलूप लावलेल्या. सूनबाई पहिल्या बाळंतपणातून उठेपर्यंत म्हणून दोघं एका बॅगेनिशी मुलाकडे आली होती. तेव्हा जन्मलेली थोरली नात आता शाळेत जायची आणि पुढचे दोन दात पडल्यामुळे 'स'ला 'थ' म्हणायची. परत जायचं हे नवरा-बायकोचं कधीच ठरलं होतं. सांगायचं तेवढं राहिलं होतं. आधी सूनबाईची रजा संपली, मग भोपळ्याची चाहूल लागली, मग त्याच्या कांजिण्या, मग थोरलीची शाळा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

आज सकाळी दाढी करता करता आजोबा म्हणाले होते, "आजच सांगून टाकू. फिरायला आलं की माणसं कशी मोकळी असतात."

"मोकळी? रांगेत?"

"तू सांग. तुझं तो ऐकतो."

"तुम्ही बाप आहात ना त्याचे?"

"म्हणून तर म्हणतोय."

मुलगा खिडकीवरून तिकिटं घेऊन आला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "चला, चला, लिफ्टला परत वेगळी रांग आहे." मग आजीकडे वळून म्हणाला, "आई, तुझं काढलं नाही. हा झोपलाय, आणि तू तशीही खालीच बसतेस ना."

त्याच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. तो कंटाळला होता, आणि एक काम हातावेगळं झाल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं. आजीने चष्मा परत डबीत घातला.

"माझ्या तिकिटावर तू जा," आजोबा म्हणाले. "मी बसतो याला घेऊन."

"हा उठून तुमचं तोंड बघेल आणि भोकाड पसरेल."

"तोंड आहे ते आहे. बदलून कुठे मिळतं?"

"जा तुम्ही. लिफ्ट जाईल."

ते गेले, पण लिफ्टपर्यंत दोनदा मागे वळून पाहत गेले. बाकड्यावर आजीच्या भोवती पाण्याच्या बाटल्या, थोरलीचा स्वेटर आणि चार पिशव्या गोळा झाल्या. भोपळ्याच्या डोक्याखाली तिचा हात बधिर होऊन आला.

थोड्या वेळाने सूनबाई एकटीच खाली आली. "वर चक्कर आल्यासारखं झालं," म्हणाली आणि पिशव्या सरकवून शेजारी बसली. बूट काढून तिने पाय समोर लांब केले. औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. तिचाही दिवस उभ्यानेच जायचा.

"दमलीस?"

"कारखान्यात बरं वाटतं हो, आई. तिथे निदान जेवायची सुट्टी असते."

दोघी हसल्या. सूनबाईने डोळे मिटून घेतले, आणि तसंच म्हणाली, "तुम्हाला सांगायचं राहिलंच. मला विभागप्रमुख करताहेत. पुढच्या महिन्यापासून सकाळची पाळी. पहाटेच निघावं लागेल. मी हो म्हटलं." मग ती पुटपुटली, "तुम्ही आहात म्हणून."

आजीने बरं झालं म्हटलं, आणि तिला खरंच बरं वाटलं. मग तिने मनात दिवस मोजले. पुढचा महिना. त्यानंतर परत जायचं बोलणं म्हणजे चढलेल्या माणसाखालची शिडी काढून घेणं. वॉर्डात नव्या मुलींना तीच शिकवायची : नातेवाइकांना वाईट बातमी सांगायची तर बसून सांगा, थोडक्यात सांगा. आधी बातमी, मग धीर. उलट केलंत तर बातमी घशातच राहते. घरी इतकी वर्षं तिने उलटच केलं होतं. नुसता धीर दिला होता.

लिफ्टचं दार उघडलं. मुलगा थोरलीला खांद्यावर घेऊन आला, मागून आजोबा. "काही खास नाही गं वर, आई. सगळी पत्र्याची छपरं. तुझं काही हुकलं नाही."

"मला थमुद्र दिथला," थोरली म्हणाली.

"समुद्र नव्हे, तो कालचा तलाव. चला, आता बाग. तिथे सावलीत छान बाकडी आहेत, आई. तू आरामात बस."

आजोबांनी घसा खाकरला. "ते आम्ही काय म्हणत होतो..."

"पाणी हवंय का, बाबा?"

आजोबांनी आजीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "दे," म्हणाले आणि बाटली तोंडाला लावली.

आजी उठली. झोपलेला भोपळा तिने मुलाच्या हातात दिला. थोरलीला आधी खाली उतरवावं लागलं, त्यात त्याची त्रेधा उडाली.

"काय झालं? बाथरूमला जायचंय?"

"नाही. तू बस इथे."

"आई, बाग पाचला बंद होते."

"होऊ दे. बस." तो बसला. सूनबाईने डोळे उघडले. आजीने तिच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"आम्ही दोघं आपल्या घरी परत जातोय. कायमचे. पुढच्या महिन्यात हिची पाळी बदलेल, तेव्हा आम्ही इथे नसू."