निळ्या फडक्यांच्या आतलं गवत

वीस पावलं लांब, वीस पावलं रुंद तुकड्यात गुडघाभर गवत उभं होतं आणि अख्खं उलान-खुजिर खोरं ते बघायला लोटलं होतं. सभोवार दोन वर्षांच्या दुष्काळाने सोललेली जमीन. वर पांढरं मीठ, मिठावर रक्तासारखी लाल, रसरशीत रोपटी. तुकड्याभोवती झुंदुई भगताने बांधलेली दोरी, दोरीला पवित्र निळी फडकी. ती ओलांडायचं पाप कुणी आपल्या बकरीलाही करू देत नसे.

भगताने डफ बडवला. "बाहेर भूमीचं रक्त, आत भूमीची कृपा! दोल्गोरने विहीर खणून भूमीला जखम केली. ती खोरं सोडून गेली, की सगळं कुरण हिरवं!"

विधवा दोल्गोर आपल्या तंबूच्या दोऱ्या सोडत होती. जनावरांची डॉक्टर ओयून ते पाहून पुढे आली.

"ओयूनबाई, आता तरी पटलं?" म्हातारा बाद्रख म्हणाला.

"गवत उगवलंय एवढं पटलं, आजोबा. टेकाडामागे या जरा."

टेकाडामागे पाऊस मोजायचं सरकारी भांडं होतं. भोवती तारेचं कुंपण, आत गुडघाभर गवत.

"इथे कोणता भगत बसतो?"

"हवामान खातं," कुणीतरी पुटपुटलं.

"दोन्हीकडे खूर पडत नाहीत, म्हणून मुळं जगली आणि थोड्या शिडकाव्यावरही गवत उठलं. बाहेर आपण गवत बुडख्यापर्यंत चारलं, त्यात धड पाऊस नाही. उघड्या जमिनीतलं पाणी ऊन वर ओढतं, पाणी उडतं, मीठ उरतं. मग तिथे ही लाल रोपटीच तगतात."

"मग विहिरीपाशीच लाल जास्त का?"

"सगळ्यांची जनावरं तिथेच पितात, तिथेच तुडवतात. तुमची चारशे मेंढरं धरून."

बाद्रख टोपी नीट करू लागला.

"आत्मे कोपतील!" झुंदुई ओरडला.

"मग असं करा, भगत. मंत्र चालू ठेवा, फक्त दोरी सोडा. आजोबांची मेंढरं आठ दिवस आत चरू देत. गवत टिकलं, तर दोल्गोरताईंचा तंबू मी स्वतः उंटावर लादते."

झुंदुईने डफ पिशवीत घातला. कातडं ओलाव्याने सैल पडलंय, म्हणाला. खोऱ्यात दोन वर्षं धड पाऊस नव्हता.

बाद्रख दोल्गोरच्या तंबूपाशी गेला आणि सुटलेल्या दोऱ्या पुन्हा बांधू लागला. विहिरीभोवतीचं कुरण पाळीपाळीने न चारता मोकळं ठेवायचं, हे त्याच दिवशी ठरलं.

चमत्काराला हात जोडायचे तर खुशाल जोडा. पण एखाद्या बाईला तिच्या जागेवरून उठवण्याआधी एवढं तरी विचारा: आत मेंढरू गेलं होतं का?