लसणाचा वास

सेनगावात विश्वंभरच्या नाकाला जेवढा मान होता तेवढा विश्वंभरला नव्हता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. बसस्टँडजवळ त्याचं कृषी सेवा केंद्र. बावीस वर्षं औषधांच्या बाटल्यांत बसलेला माणूस. दुसऱ्या दुकानातून घेतलेलं औषध बनावट असल्याची शंका आली की लोक बाटली घेऊन त्याच्याकडे यायचे. तो बूच उघडायचा, हाताने वारं घालत लांबूनच वास घ्यायचा, डोळे बारीक करायचा आणि निकाल द्यायचा. दहातले आठ निकाल बरोबर निघत. उरलेले दोन लोकांच्या लक्षात राहू नयेत एवढं बोलणं त्याला येत होतं.

माणसांचंही तसंच. कोण बायकोला विचारून मग दुकानात येतो, कोण भावाशी भांडण झालं की फवारणीला निघतो, कोण दुकानात बसून पेपर वाचतो आणि खरेदी समोरच्या दुकानात करतो, सगळं त्याच्या डोक्यात ज्याच्या त्याच्या रकान्यात बसलेलं. स्वतःचा रकाना तेवढा त्याने डिसेंबरपासून कोरा ठेवला होता.

डिसेंबरात औषध कंपनीने बत्तीस डीलरांना परदेशातल्या एका बेटावर नेलं होतं. बेटाचं नाव विश्वंभरला पासपोर्ट काढून बघितल्याशिवाय सांगता येत नसे, पण समुद्र निळा होता आणि नारळ आपल्यासारखेच होते, हे तो खात्रीने सांगे. निदान पहिले दोन दिवस त्याने फोनवर सगळ्यांना तेच सांगितलं. हॉटेलच्या खोलीत त्याचा जोडीदार होता डोंगरकड्याचा प्रभू. साधा माणूस, त्याचंही दुकान, पण गिऱ्हाइकाशी भाव करताना गिऱ्हाइकाच्याच बाजूने बोलायचा. प्रभूच्या बायकोने, कौशल्याबाईने, बरोबर लसणाची चटणी दिली होती. बरणी एवढी मोठी, की बत्तीस जणांना आठवडाभर पुरली असती. विमानतळावर कंपनीच्या साहेबाने सगळ्यांना दम भरला होता : घरचं खाणं खोलीत उघडायचं नाही, वास बाहेर गेला तर हॉटेल दंड लावतं. बत्तीसच्या बत्तीस जणांनी माना हलवल्या. बत्तीसच्या बत्तीस जणांच्या बॅगांत चटणी, शेंगदाणे, दशम्या होत्या.

तिसऱ्या दिवशी खोलीत लसणाचा वास भरला. प्रभू म्हणाला, हा वास येगळा हाये, जरा जळका. विश्वंभरने नाक वर केलं, डोळे बारीक केले आणि निकाल दिला, की वहिनीची चटणी आहे, बरणीचं झाकण ढिलं राहिलं आहे. मग दंडाची धास्ती. गॅलरीचं दार लावून घेतलं. व्हरांड्यातल्या माणसाला वास जाऊ नये म्हणून विश्वंभरने खोलीच्या दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. सकाळी प्रभूचं डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली. विश्वंभरचंही डोकं जड होतं, पण आदल्या रात्री कंपनीची पार्टी झाली होती आणि जड डोक्याला दुसरं कारण शोधायची गरज नव्हती. सगळे बोटीने दुसऱ्या बेटावर निघाले. प्रभू म्हणाला, मी पडतो जरा. विश्वंभरने जाताना सांगितलं, आतून टॉवेल परत नीट लाव.

चार वाजता तो परतला तर दार उघडेना. हॉटेलच्या दोघांनी खांदा लावला तेव्हा ते सरकलं. प्रभू गेलेला होता.

तिथल्या पोलिसांनी बरणी पिशवीत घातली आणि दुभाष्याकरवी एकच प्रश्न विचारला : हे तुम्हीही खाल्लं का? कंपनीचा साहेब कानाशी पुटपुटत होता, हो म्हणाल तर तपासणीला ठेवून घेतील, उद्याचं विमान जाईल, मग तुम्ही आणि तुमचं नशीब. विश्वंभर म्हणाला, नाही.

तिथल्या दवाखान्याच्या कागदावर शेवटी लिहून आलं, मृत्यूचं कारण निश्चित सांगता येत नाही. परदेशात ती एक रिकामी ओळ होती. डोंगरकड्यात रिकामी ओळ कोणी रिकामी ठेवत नाही. प्रभूचं प्रेत नांदेडच्या रस्त्याला लागायच्या आत गावात बातमी पोचली होती, की चटणी बाधली. जोडीदाराने खाल्ली नाही, तो वाचला.

कौशल्याबाईने तेराव्याच्या पंगतीत घरातली उरलेली चटणी, प्रभूच्या बरणीतल्याबरोबरच कुटलेली, सगळ्या भावकीसमोर भाकरीबरोबर खाल्ली. तिला काही झालं नाही. लोक म्हणाले, घरातली चांगली राहिली असंल, प्रवासात नासली. त्या दिवसापासून सासूने, गोजरबाईने, तिला चुलीपाशी जाऊ दिलं नाही. बचत गटातल्या बायका तिच्याकडून पापड लाटून घेत, त्या एकेक करून दुसरीकडे वळल्या. कोणी तोंडावर बोललं नाही. तिच्या हातचा चहा तेवढा कोणाला नको असायचा. जो तो नुकताच पिऊन आलेला असायचा.

हे सगळं विश्वंभरला कळत होतं. तेराव्याला तो गेला होता, त्याच पंगतीत मान खाली घालून जेवून आला होता.

मार्चात एका संध्याकाळी त्याची मुलगी प्रियंका, हिंगोलीला कॉलेजात शिकणारी, मोबाइल घेऊन त्याच्याजवळ बसली. बाबा, तुमचंच हॉटेल ना हे? फोटोत तोच पोहण्याचा हौद, तेच नारळ. तिने इंग्रजीतून वाचून मराठीत सांगितलं : एक परदेशी जोडपं, लग्नाला सहा महिने झालेलं, खोलीत मेलेलं सापडलं. कारण कळलेलं नाही. त्याच मजल्यावर डिसेंबरात एक भारतीय पर्यटकही असाच गेला होता. शेजारच्या खोलीत ढेकणांसाठी विषारी धूर सोडून दार चिकटपट्टीने बंद केलं होतं का, याचा तपास चालू आहे. खोल्यांच्या मधे दार होतं.

मधे दार होतं, हे विश्वंभरला आठवलं. त्याच दाराला टेकवून त्यांनी बॅगा ठेवल्या होत्या.

त्या जोडप्याजवळ लसणाची चटणी असायचं काही कारण नव्हतं. विश्वंभर उठला, मागच्या गोदामात गेला. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवायच्या, विषारी धूर सोडणाऱ्या गोळ्यांचे डबे एका बाजूला असत. मागच्या साली एका डब्याचं झाकण फुटलं होतं तेव्हा गोदामात असाच वास दाटला होता, आणि त्यानेच सगळ्यांना बाहेर पिटाळलं होतं. लसणासारखा, जरा जळका. प्रभूने अगदी हाच शब्द वापरला होता. बावीस वर्षं ज्या वासावर दुकान चाललं, तो वास निळ्या समुद्राशेजारच्या पांढऱ्या चादरीत आला तेव्हा त्याला ओळखू आला नव्हता. तिथे असलं काही असेल असं त्याच्या मनातच आलं नाही. वाईट वास आला म्हणजे तो आपल्याच पिशवीतून आला असणार, एवढंच त्याला पटकन पटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानावर सटवाजी आला. कौशल्याबाईचा मोठा भाऊ, नरसीकडचा, मेंढरं पाळणारा. मेंढरांच्या गोचिडांचं औषध घेता घेता म्हणाला, उद्या बहिणीला आणायला चाललोय. कायमची. म्हातारी म्हनती, घरात ठिवत न्हाई. अन् तिची पोरगी मोहिनी तिकडंच ऱ्हाईल म्हनती, आठ वरसाचं लेकरू, ह्या बाईच्या हातचं खाऊ घालनार न्हाई.

विश्वंभरने औषध पिशवीत घातलं. सटवाजीने काही विचारलं नव्हतं, काही मागितलं नव्हतं. तो फक्त सांगून गेला.

सकाळी विश्वंभर मोटरसायकलवर डोंगरकड्याला निघाला. कळमनुरीपर्यंत त्याने मनाशी ठरवून टाकलं, की बातमी दाखवायची, धुराचं सांगायचं, बस. तेवढ्यात काम होतं. नाकाचं काय, नाक म्हणजे काही देव नाही, चुकतं. दुसरी गोष्ट काढायची गरज नाही. पुढे रस्त्यालगत केळीच्या बागा लागल्या तशी ही मांडणी त्याला आणखीच नेटकी वाटायला लागली.

ओसरीवर गोजरबाई, सटवाजी, भावकीतले दोघे बसलेले. कौशल्याबाई उंबऱ्यात, शेजारी कपड्यांची एक पिशवी. मोहिनी आजीला टेकून. विश्वंभरने मोबाइल काढला, फोटो दाखवला, सगळं सांगितलं. धुराचं, मधल्या दाराचं, मेलेल्या जोडप्याचं. त्याला वास आला होता आणि त्याने तो चुकीचा ओळखला, हेही सांगितलं. भावकीतला एक जण हळूच म्हणाला, म्हंजी नाक बी चुकतंय व्हय. विश्वंभरने ते गिळलं.

गोजरबाईने मोबाइल हातात धरला नाही.

"असंल," ती म्हणाली. "त्या लोकायचं तसं झालं असंल. माझ्या लेकानं चटणी खाल्ली व्हती. तू न्हाई खाल्ली, तू बसलाय माझ्यापुढं."

हिशेब तिचा सरळ होता. डिसेंबरात तो मांडायला विश्वंभरनेच आकडे दिले होते. सटवाजी उठून पिशवी उचलायला लागला.

"मी बी खाल्ली," विश्वंभर म्हणाला.

सटवाजीचा हात पिशवीवरच राहिला.

"तिन्ही दिस खाल्ली. प्रभूपेक्षा जास्त मीच खाल्ली, त्याला तिखट सोसायचं न्हाई. तिथं पोलिसानं इचारलं तवा न्हाई म्हनलो. मला ठिवून घेतील म्हनून भ्यालो. मग हितं येऊन खरं सांगायला तोंड राहिलं न्हाई."

कौशल्याबाई आजवर त्याच्याकडे बघत नसे. आता तिने बघितलं. ती ओरडेल, शिव्या देईल, असं त्याला वाटलं, आणि तसं झालं असतं तर त्याला बरंही वाटलं असतं.

"भाऊजी, मी भाकरीसंगं चटणी खाल्ली तवा तुमी पंगतीत व्हता," ती म्हणाली. "माझ्या समोर."

"व्हतो."

"तवा बी सांगता आलं असतं."

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. ती आत गेली. भावकीतले दोघे एकाएकी घाईत असल्यासारखे उठले. बातमी आता उलट्या दिशेने न्यायची होती. गोजरबाई सटवाजीला म्हणाली, पिशवी ठिव खाली, पावना, झालं ते झालं. घर तिचंच हाये. तिने हे एवढ्या सहज म्हटलं, जणू मधले तीन महिने उन्हात वाळत घातले होते आणि आता घरात घ्यायचे.

कौशल्याबाई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मोहिनीचं दप्तर आणि दोन फ्रॉक होते. तिने ते पिशवीत वरून दाबले, मोहिनीचा हात धरला, सासूच्या पाया पडली आणि भावाला म्हणाली, चल. लेकराला काहून न्यायली, असं गोजरबाईच्या ओठांवर आलेलं दिसलं. पण ते विचारायला तिच्याजवळ आता काहीच उरलं नव्हतं. मोहिनीने चपला हातात घेतल्या. तिघं गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली.

ओसरीवर म्हातारी आणि विश्वंभर राहिले. त्याने जायला हवं होतं. तो बसूनच राहिला.

गोजरबाई म्हणाली, "एक इचारू का. सगळ्यायनी सांगितलं, झोपेतच गेला, खाटंवर. तू बी तेच सांगितलं."

विश्वंभरने मान हलवली.

"अन् तूच तेराव्याला म्हनला व्हता, दोघांनी खांदा लावला तवा दार सरकलं. मग दार काहून उघडत नव्हतं?"

हा प्रश्न आजपर्यंत कोणी विचारला नव्हता. कंपनीने नाही, पोलिसांनी नाही, त्याने स्वतःलाही नाही. टॉवेल ओला होता, फुगला होता, असं सांगता आलं असतं. ते तोंडापर्यंत आलंही होतं.

"काकी," तो म्हणाला, "तो दाराशी व्हता."

गोजरबाई भिंतीकडे सरकली. तिने पदर तोंडावर घेतला नाही, रडली नाही. हात पुढे करून तिने ओसरीच्या दाराची कडी चाचपली, दार ओढलं, ढकललं, पुन्हा ओढलं; आतल्या बाजूने माणसाला ते उघडायला किती जोर लागतो, हे तिला पाहायचं असावं.